जावई अजून उठलेला नाही

५ नोव्हेंबर

कासवा,

पाकिटावरचं अक्षर माझं नाही. माझं दिसलं असतं तर तू न फोडताच फाडलं असतंस, म्हणून पत्ता आमच्या मुकादमांकडून घालून घेतला. आता फोडलंच आहेस तर थोडं वाच. हे माझ्याबद्दल नाही. एका पायाबद्दल आहे.

कॉलेज सोडल्यापासून मी शहामृगांच्या फार्मवर आहे. हसायचं तर हस. आईला कळवलंय की पक्ष्यांच्या खात्यात लागलो. तिनं शेजारीपाजारी मी साहेब झाल्याचं सांगून ठेवलंय. अण्णा अजून बोलत नाहीत. तर हा साहेब सकाळी उठून दाणा टाकतो, घाण उचलतो आणि हातात काटेरी फांदी धरून चिडक्या नरांपासून स्वतःच्या बरगड्या वाचवतो.

काल ट्रकमधून एक नवा नर आला. अरुंद पिंजऱ्यात, सबंध रस्ताभर उजवा पाय अंगाखाली मुडपून. उतरवला, तर डावा पाय नीट टेकला. उजवा टेकायला गेला आणि बोटं मागे दुमडून पंजाच्या पाठीवरच पडली. पुन्हा उचलला, पुन्हा तेच. मग सगळं धूड माझ्या अंगावर. मुकादम म्हणाले, "जावई आले, पायघड्या घाला." त्याचं नाव तेव्हापासून जावई.

मालक वाईट माणूस नाही, पण पडलेला पक्षी कोणी फार दिवस पोसत नाही. मला थोडी मुदत दिलीय.

शवविच्छेदनाच्या हॉलमधलं आपलं खिडकीजवळचं टेबल आठवतं का? टेबलावर तो पाय, तुझ्याहून लांब. लोक ज्याला शहामृगाचा गुडघा समजतात तो घोटा, खरा गुडघा वर पिसांत लपलेला, हेही मला तूच सांगितलंस. तोवर मी घोट्यातच गुडघा शोधत चिरत होतो. मांडीत ती जाड पांढरी नस सापडली तेव्हा मी म्हटलं, एकच आहे. तू म्हणालीस, थांब. आणि तासभर चिमट्यानं वरचं म्यान सोलत बसलीस, आणि आत दोन निघाल्या, अंगाला अंग लावून झोपलेल्या. मागची खोल पोटरीत जाते. पुढची स्नायूच्या कंडरेच्या कडीतून ओवल्यासारखी बाहेर येते आणि गुडघ्याखाली अगदी कातडीजवळून पुढे जाते, बोटं उचलणाऱ्या स्नायूंकडे. एवढं पक्कं आठवतं. पुढचं आठवत नाही, कारण त्यानंतर मी पायाकडे बघत नव्हतो. हे वाक्य खोडायला हवं, पण कागद एकच आहे.

जावयाची कुठली नस गेली असेल? आणि गेलेली नस परत येते का?

एवढंच सांग. बाकी काही लिहू नकोस.

आगपेटी

१६ नोव्हेंबर

कासवा,

तू खरंच बाकी काही लिहिलं नाहीस. कार्डावर ना मायना, ना खुशाली. नुसते प्रश्न, तोंडी परीक्षेसारखे. तरी ते कार्ड मी अंडी उबवायच्या यंत्रावर टेकवून ठेवलंय. माझी खाट त्याच खोलीत आहे. थंडीत तेवढीच ऊब, आणि यंत्राचा घुंघुं आवाज, म्हणजे कोणीतरी सतत हुंकार देतंय असं वाटतं. अंड्यांशी मी थोडं बोलतो. ती ऐकून घेतात, आपल्या बॅचमधल्या कोणाहीपेक्षा जास्त.

आता तुझ्या प्रश्नांची उत्तरं. बोटं स्वतःहून उचलत नाही, एक तसूभरही नाही. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला सूज आहे, हात लावला की अंग आक्रसून घेतो. घोटा ताठ करू शकतो. म्हणजे मागची नस शाबूत, पुढचीच दबली, बरोबर ना?

चिमट्याचं तू बजावून लिहिलंस, की नुसता पाय हलला ते धरू नकोस, त्याला कळलं का ते बघ. म्हणून डोक्यावर मोजा चढवला. शहामृगाच्या डोक्यावरून लांब मोजा ओढला, चोच मोकळी ठेवली, की त्याच्या लेखी जग संपतं आणि तो गरीब गाय होतो. मुकादम म्हणाले, असा मोजा तुलाही शिवून घ्यायला हवा, राग आला की चढवायचा. मग मोठ्या बोटाला चिमटा घेतला. जावयानं मान गर्रकन फिरवली आणि पाय असा झटकला, की मुकादमांची बादली कुंपणापलीकडे. त्याला कळलं. बादलीलाही कळलं.

तू त्याला जावई म्हणत नाहीस, 'पक्षी' लिहितेस. तुझं आपलं बरोबर आहे.

इथे एक मादी आहे, मास्तरीण. मान ताठ, चालताना एकेक पाऊल असं टाकते की वर्गात शिरतेय. मी दिसलो की कुंपणापाशी येते आणि माझी बटणं तपासते. परवा निळ्या शर्टाचं वरचं बटण तोडून गिळलं. तेच, जे तू हॉलमध्ये जखम शिवायच्या दोऱ्यानं लावून दिलं होतंस आणि म्हणाली होतीस, आता मेलास तरी निघणार नाही. शहामृगाच्या मनात आलं तर निघतं.

कार्डाच्या तळाशी, सहीच्याही खाली, बारीक अक्षरात तू विचारलंयस, जेवतोस का वेळेवर. त्याचं उत्तर पुढच्या पत्रात.

आगपेटी

२८ नोव्हेंबर

कासवा,

यावेळी पाकीट जाड होतं. मी ते आख्खी सकाळ खिशात घेऊन हिंडलो, फोडलं की संपेल म्हणून.

आकृती किती सुरेख काढलीयस. पिवळ्या शाईतल्या त्या दोन नसा मालकांनाही कळल्या. तुझी पत्रं मी त्यांना आणि मुकादमांना मोठ्यानं वाचून दाखवतो. पत्त्यावर फार्मचंच नाव असतं, त्यामुळे सगळ्यांनाच ती आपली वाटतात. मालक तुला मॅडम म्हणतात. मी सांगून ठेवलंय की मॅडम आमच्या वर्गात पहिल्या.

तू लिहिलंस तसं सगळं केलं. छातीखालून गोणपाटाची झोळी बांधून दिवसातून थोडा थोडा उभा करतो. बसला की कूस बदलतो, पाय अंगाखाली दबू देत नाही. दोन बोटांखाली पातळ फळी बांधली, म्हणजे ती दुमडत नाहीत. आणि नसेच्या वाटेनं वरून खाली चोळतो, मांडीपासून कडीपर्यंत, कडीपासून बोटांपर्यंत. चोळताना मी तुझ्या आकृतीतल्या बाणांमागून जातो. या दिवसांत माझं एवढं लक्ष कशातच लागलेलं नाही. वर्गात असं लागलं असतं तर, असं तू म्हणशील. म्हण.

कॉलेज सोडलं त्या दिवशी हॉलमध्ये झालेल्या मारामारीबद्दल तू काही विचारत नाहीस, मीही सांगत नाही. फक्त एवढंच, की आपल्या वर्गातला तो तुझ्याबद्दल जे बोलला ते तू ऐकलं नव्हतंस.

रविवारी इथे कोणी नसतं. मुकादम घरी जातात, मालक-मालकीणबाई कुठेतरी जेवायला. मी, यंत्र, आणि बाहेर हे सगळे, मान वर करून कोणाची तरी वाट बघत असल्यासारखे. त्यांचा चेहराच तसा आहे. माझाही तसा व्हायला लागलाय असं मालकीणबाई म्हणतात.

आगपेटी

६ डिसेंबर

कासवा, जावई उठला.

सकाळी दार उघडलं तर स्वतःच्या पायांवर उभा, झोळी पायात पडलेली. मी फळी सोडली. त्यानं उजवा पाय उचलला आणि दोन्ही बोटं, माझ्या डोळ्यांदेखत, हळूच वर आली. नवी चप्पल घालून बघतात तशी त्यानं ती जमिनीवर टेकवली. मग चालायला लागला. मग, मेला, पळायला लागला. मी त्याच्यामागून ओरडत कुंपणाला फेरी मारली. मुकादम म्हणाले, जावई रुसून निघाला, त्याला पोचवायला निघालास का. मालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "तुझ्या मॅडमच्या पत्रांनी उठवला. यापुढे त्या म्हणतील ते."

तुला हे आत्ता, या क्षणी कळायला हवं होतं. दाबली गेलेली नस परत येते. तूच लिहिलं होतंस, येईल, घाई करू नकोस. तूच

(हे टाकलं नाही. पाकिटात घालताना एकदा वाचलं. हे वाचून तू काय लिहिणार? 'छान झालं.' आणि मग? बऱ्या झालेल्या पायाला कोण पत्र लिहितं?)

७ डिसेंबर

कासवा,

जावई अजून उठलेला नाही.

सूज उतरलीय, पण बोटं तशीच. चिमट्याला पूर्वीइतकं झटकत नाही. मला काळजी वाटते. पुढे काय करू ते सविस्तर लिही.

आगपेटी

२२ डिसेंबर

कासवा,

तुझी लागोपाठ दोन पत्रं आली. आता तू नुसते प्रश्न विचारत नाहीस. लायब्ररीत बसून जुनी पुस्तकं काढलीस, सरांना गाठून विचारलंस, आणि सरांनी 'तोच का तो, एप्रन फेकणारा' विचारलं तेव्हा 'हो, तोच' म्हणालीस. ते 'हो, तोच' मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. खिडकीजवळचं टेबल कोणी घेत नाही, तुझ्या काकूचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तू तिला गुडघा समजावताना चुकून पक्ष्याचा काढून दाखवलास, हे वाचून मी यंत्राच्या खोलीत एकटाच हसलो. अंडी दचकली असतील.

जावयाचं मात्र वाईट चाललंय. चिमटा घेतला तरी मान वळवत नाही. पाय थंड लागतो. तू म्हणतेस हे नोंदवून ठेव, पुढच्या महिन्यात वर्गापुढे हीच केस मांडणार आहेस, शहामृगाच्या पायाची नस किती काळानं परत येते किंवा येत नाही यावर. नोंदवून ठेवलंय.

त्या दिवसाचं विचारलंस शेवटी. तो अचकटविचकट बोलला, मी थोबाडीत दिली, ट्रे उलटला, सर म्हणाले माफी माग, मी एप्रन टाकून निघालो. एवढंच. बाहेर व्हरांड्यात तू म्हणालीस, "मी तुला वकील नेमलं नव्हतं." मला वाटलं होतं तू थांब म्हणशील. नस सोलताना म्हणाली होतीस तसं.

त्याच्या आदल्या दिवशी टेबलापाशी मी तुला काय सांगितलं होतं ते तुला ऐकू आलं होतं का? तू नुसती म्हणालीस, चिमटा धर. मी धरला होता.

आगपेटी

३ जानेवारी

कासवा,

मास्तरीण पडली.

पाण्याच्या हौदापाशी चिखलात घसरली आणि पाय अंगाखाली मुडपून पहाटेपर्यंत तशीच बसून होती. उजवाच पाय. तीच बोटं, तशीच दुमडलेली. मी तेच सगळं करतोय, फळी, कूस बदलणं, चोळणं. पण ती जावयाहून भारी आहे आणि वयानंही मोठी, झोळी तिच्या वजनानं उसवते. तिला काय वेगळं करायचं असतं? मोठ्या पक्ष्याला किती वेळ उभं ठेवायचं?

तुला विचारायला हवं. पण तुझ्या पत्रांत खाट एकच आहे आणि तिच्यावर जावई आडवा पडलाय. त्याला उठवल्याशिवाय हिला कुठे निजवू?

जावई आत्ता खिडकीबाहेर धावतोय. त्याच्या पावलांचा आवाज येतो.

(हेही टाकलं नाही. मालक विचारत होते, मॅडमना मास्तरणीचं कळवलंस का. मी म्हटलं, हो.)

११ जानेवारी

कासवा,

हे पत्र फार्मवर येणाऱ्या कोणाच्या हाती न देता मी स्वतः जाऊन टाकणार आहे. सोबत दोन पत्रं आहेत, एक सहा डिसेंबरचं, एक तीन जानेवारीचं. आधी ती वाच. मग पुन्हा या पानावर ये.

वाचलीस? आता शिव्या दे. मी थांबतो.

केस वर्गापुढे मांडू नकोस. निदान मी लिहिली तशी मांडू नकोस. जावई सहा डिसेंबरला उठला. त्याचा पाय कधी थंड पडला नाही, चिमट्याला त्यानं दर वेळी झटकून उत्तर दिलं. सात डिसेंबरपासून मी जे लिहिलं ते सगळं या खोलीत बसून रचलं, तू लिहीत राहावीस म्हणून. तेव्हापासून तुझी पत्रं इथे कोणाला वाचूनही दाखवली नाहीत. तुझ्या पत्राच्या दिवशी मी माणसांत असायचो. इतर दिवशी मी फक्त यंत्राचा घुंघुं ऐकायचो. हे कारण आहे, सबब नाही. तुला फरक कळतो.

एवढंच असतं तर मी लाज गिळून मोकळा झालो असतो. पण तुझं शेवटचं पत्र आलं तेव्हा मी फार्मवर नव्हतो. मास्तरणीच्या झोळीसाठी जाड पट्टे आणायला बाजारात गेलो होतो. तिला पडून थोडेच दिवस झाले होते आणि आदल्या दिवशी बोटाला चिमटा घेतला तेव्हा तिनं माझ्याकडे मान वळवून बघितलं होतं, अगदी वर्गात उशिरा आलेल्या पोराकडे बघावं तसं. मला माहीत होतं ती उठणार.

मालक मात्र घाबरले होते. ती रात्रभर कण्हली होती. तुझं पाकीट आलं, पत्त्यावर फार्मचं नाव, मी घरात नाही. त्यांनी फोडलं. त्यांच्या समजुतीनं त्यात मास्तरणीचं उत्तर होतं. मीच तर सांगितलं होतं कळवलं म्हणून. तू लिहिलं होतंस, चिमट्याला दाद नाही, पाय थंड, म्हणजे नस परत येणार नाही; पक्ष्याला असं पडून राहू देणं क्रूरपणा आहे, डॉक्टरांना बोलावून त्याची सुटका करा, डोक्यावर मोजा घाला, घाबरू देऊ नका. तसंच केलं त्यांनी. एकेक शब्द पाळला.

मी पट्टे खांद्यावर टाकून आलो तर मालक फाटकातच उभे होते. म्हणाले, "मॅडमचं पत्र आलं. म्हटलं तू यायच्या आत उरकावं, तुझ्यासमोर नको."

मी अंगावर धावून जायला हवं होतं, नाही? तू वाचता वाचता तेच धरून चालली असशील. पण हात उठला नाही. मारायचं कोणाला? तो माणूस माझी काळजी घेत होता.

मुकादमांनी मोजा काढून माझ्या हातात दिला. विनोद केला नाही. मी त्यांना म्हटलं, मला पाय उघडून बघायचाय. मालकांनी हो म्हटलं. मांडीपासून सुरू केलं, हळू, तुझ्यासारखं. म्यान सोललं. दोन्ही वेगळ्या केल्या, एकही ओरखडा न येऊ देता. हॉलमध्ये मला हे कधी जमलं नव्हतं. पुढच्या नसेच्या मागोमाग गेलो. कडीतून ओवलेली, तशीच. गुडघ्याखाली कातडीजवळ थोडी निळसर, मुका मार लागल्यासारखी, आणि तिच्यापुढे पुन्हा पांढरी, सलग, थेट बोटांपर्यंत. कुठेही तुटलेली नव्हती. मी बोटानं चाचपून पाहिलं, मग मुकादमांना चाचपायला लावलं. ते म्हणाले, "अरे, ही तर चांगली आहे की रे."

चांगली होती. थोडा वेळ हवा होता.

मुकादमांनी विचारलं, पोटातली दगडांची पिशवीही उघडू का, तुझं बटण असेल तिच्यात. मी म्हटलं, राहू दे तिच्यापाशी.

हे तुला सांगू नये असं एकदा वाटलं. जावयाचं कबूल करावं आणि मास्तरीण आपोआप गेली म्हणावं. तुझी झोप तरी वाचली असती. पण तेही मीच रचलेलं झालं असतं, आणि तू त्यावरही काहीतरी समजुतीचं लिहिलं असतंस. म्हणून नीट वाच. तू लिहिलंस ते बरोबर होतं. मी सांगितला तसा पाय खरंच असता तर तेच करायला हवं होतं. उत्तरात तुझी चूक नाही. प्रश्नच खोटा होता. मालकांनाही आज सकाळी सगळं सांगितलं. ते म्हणाले, पाणी बदललंस का. काढून टाकतील की ठेवतील, अजून कळत नाही.

वर्गापुढे उभी राहशील तेव्हा दोन पाय मांड. एक उठलेला, त्याच्या खऱ्या तारखा सोबत आहेत. एक उघडलेला, त्याचं वर्णन वर आहे, आकृती मागच्या पानावर. माझी आकृती तुझ्यासारखी नाही, पण यावेळी प्रत्येक रेघ बघून काढलीय. नाव घालायचं असेल तर मास्तरणीचं घाल, माझं नको.

जेवतोस का वेळेवर, असं पहिल्याच कार्डावर विचारलं होतंस. त्याचं उत्तर राहिलं होतं. नाही.

फार्मवर आता सगळे पक्षी आपापल्या पायांवर उभे आहेत. तुला विचारावं असं इथे काही उरलेलं नाही.

आगपेटी